एग्मोरची धूळपाटी

चेन्नईत एग्मोरचे रेल्वेस्थानक १९०८ मध्ये सुरू झाले. त्या परिसरात कंपनीच्या काळात एक लहानशी गढी होती आणि इंग्रज तिला ‘एग्मोर रिडाउट’ म्हणत. या जोडनावातले दोन्ही शब्द निरखून पाहण्यासारखे आहेत. पहिला तमिळ. गावाचे खरे नाव एळुंबूर. १६९३ मध्ये पुरसवाक्कम आणि तोंडियारपेट या गावांबरोबर ते कंपनीकडे आले आणि गोऱ्यांच्या तोंडी त्याचे एग्मोर झाले. तमिळमध्ये हे नाव लिहिताना ‘प’चे अक्षर काढतात, पण अनुनासिकापुढचा ‘प’ हा ‘ब’ म्हणायचा असा त्या भाषेचा पक्का नियम आहे, त्यामुळे वाचणारा अडखळत नाही. दुसरा शब्द रिडाउट. आडोशाची, मागे हटून लढण्याची जागा या अर्थाने तो इटालियनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. फ्रेंच शब्दात ‘बी’ नव्हता. शंका या अर्थाच्या ‘डाउट’शी तो जुळतोसा वाटला म्हणून लिहिणाऱ्यांनी त्यात ‘बी’ घुसडला. गंमत अशी की ‘डाउट’मधला ‘बी’सुद्धा लॅटिनशी नाते दाखवायला विद्वानांनी मागाहून बसवलेला, कुणी कधी न उच्चारलेला. म्हणजे एका शब्दात लिहिलेले अक्षर नियमाने बदलून वाचायचे, आणि शेजारच्या शब्दात लिहिलेले अक्षर वाचायचेच नाही, का ते विचारायचे नाही. १७८९ मध्ये याच गढीत मुलग्यांचे एक अनाथालय उघडले आणि ज्यांच्या कानावर गल्लीतली तमिळ होती अशा पोरांना इंग्रजी शब्द वाचायला शिकवण्याचे काम तिथे सुरू झाले.

इंग्रजी शब्दसंग्रहाला मद्रासने काय दिले, असा प्रश्न निघाला की अभ्यासक ‘हॉब्सन-जॉब्सन’ उघडतात. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा हा कोश १८८६ मध्ये निघाला. त्यातला बर्नेल मद्रास इलाख्यातला न्यायाधीश. तंजावरच्या मराठी राजांच्या ग्रंथसंग्रहातल्या संस्कृत पोथ्यांची सूची त्यानेच केली. अशा कोशात उसनवारीचा हिशेब मिळतो. ‘मिळगु’ म्हणजे मिरे आणि ‘तण्णीर’ म्हणजे पाणी, यांचे झाले मलिगटॉनी सूप. ‘शुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. तिचे चिरूट झाले आणि ते मराठीतही आले. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. ओंडके बांधून केलेल्या तराफ्याचे कॅटमरॅन झाले. विसाव्या शतकात तीन सांगाड्यांची होडी आली तेव्हा इंग्रजीने कॅटमरॅनची शेपटी तोडली, तिला ‘ट्राय’ जोडले आणि ट्रायमरॅन हा नवा शब्द पाडला. तमिळ माणसाला विचारले तर तो सांगेल की त्यात ‘तीन लाकडे’ एवढाच अर्थ उरला, बांधणी गेली! असे शब्द मोजणे मनोरंजक आहे, पण त्यात मुख्य देणे निसटते. मद्रासकडून इंग्रजीने जी सगळ्यांत मोठी उसनवारी केली ती एखाद्या शब्दाची नव्हे, शब्द हाताळण्याच्या एका रीतीची होती. ती कोणत्याही कोशात सापडणार नाही आणि तिचा उगम एग्मोरात आहे.

अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा माणूस, जन्म १७५३ चा. १७८७ मध्ये तो मद्रासेत उतरला, लष्करी पलटणींचा पाद्री झाला आणि एग्मोरचे अनाथालय निघाल्यावर त्याची देखरेख त्याने पगार न घेता पत्करली. तिथली मुले बहुतेक गोऱ्या सैनिकांची आणि देशी आयांची. आईच्या वळणापासून मुले लांब ठेवायची, त्यांना इंग्रज ख्रिस्ती करायचे, हा संस्थेचा उघड हेतू होता. शिक्षक मात्र कामचुकार निघाले. एके दिवशी सकाळी घोड्यावरून फेरफटका मारताना बेलला एक देशी शाळा दिसली. पोरे जमिनीवर बसली होती, पुढ्यात वाळू पसरली होती आणि तिच्यात बोटाने अक्षरे काढणे चालले होते. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याने लगेच आपल्या सर्वांत खालच्या वर्गाच्या शिक्षकाला तसेच करायला सांगितले. शिक्षकाने हे जमणारे नाही म्हणून हात वर केले. बेल हट्टाला पेटला. त्याने आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्कन या विद्यार्थ्याला, एका साध्या शिपायाच्या मुलाला, त्या वर्गावर बसवले, आणि मास्तरला जमले नाही ते पोराने करून दाखवले. मग एकेक वर्ग मुलांच्याच हाती गेला. याच शाळेतला विल्यम स्मिथ हा मुलगा पुढे, टिपूच्या ओलीस मुलांना १७९४ मध्ये परत पोचवायला गेलेल्या मंडळींबरोबर श्रीरंगपट्टणला गेला आणि त्याने टिपूपुढे पदार्थविज्ञानाचे प्रयोग करून दाखवले. बेल १७९६ मध्ये मायदेशी परतला आणि दुसऱ्या वर्षी त्याने लंडनमध्ये या प्रयोगावर छोटे पुस्तक छापले. शीर्षकातच मद्रासचे नाव होते.

बेलला जे नवल वाटले ते मराठी वाचकाला वाटायचे कारण नाही. पंतोजीच्या शाळेत फळीवर बारीक माती नाहीतर विटेची भुकटी पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, पंतोजीने ते डोळ्यांखाली घातले की फळी हलवून पुन्हा कोरी करायची, हीच धूळपाटी. धुळाक्षर हा शब्द त्यातूनच आला आणि शांता शेळके यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘धूळपाटी’ हेच नाव दिले. कागद नको, शाई नको, चूक क्षणात पुसली जाते. पण ही रीत स्वस्त होती म्हणूनच टिकली असे समजणे अपुरे आहे. ती आपल्या लिप्यांना शोभत होती. ‘क’ गिरवताना पोर मोठ्याने ‘क’ म्हणते, आणि अक्षराचे नाव व अक्षराचा आवाज एकच असतो. हात, डोळा, कान आणि जीभ एकाच खेपेत कामाला लागतात. बाराखडी झाली की ‘क’ आणि ‘म’ आणि ‘ळ’ ओळीने म्हटले की कमळ आपोआप उमलते. यावर भाषेचा जाणकार अडवील की आपली लिपी तरी कुठे इतकी सोवळी आहे? चमच्यातला ‘च’ आणि चंद्रातला ‘च’ वेगळे बोलतो आणि सारखेच लिहितो; तमिळ तर क आणि ग एकाच अक्षरावर भागवते. हरकत खरी आहे. पण हे फरक थोडे आहेत, बहुतेक नियमात बसतात आणि घरी तीच भाषा बोलणाऱ्या मुलाला ते शिकवावे लागत नाहीत. एग्मोरच्या फळीवर मात्र ‘डब्ल्यू’ काढणारा मुलगा ‘डब्ल्यू’ म्हणत होता, आणि ते नाव घेऊन जगातला एकही शब्द सुरू होत नव्हता. ‘डब्ल्यू’, ‘एच’, ‘ओ’ ही तीन नावे एकापुढे एक म्हणून ‘हू’ कसे तयार होईल? वाळूने अक्षराचा आकार शिकवला. अक्षरापासून शब्दापर्यंतची वाट ती दाखवू शकत नव्हती.

ही वाट बेलने कशी काढली, तो माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये लांब शब्द शिकवायची पद्धत अशी असे. ‘मिसरिप्रेझेंटेशन’ घ्या, सतरा अक्षरांचा शब्द. मुलाने म्हणायचे: एम-आय-एस, मिस, आर-ई, रि, मिसरि, पी-आर-ई, प्रि, मिसरिप्रि, असे प्रत्येक तुकड्यानंतर पुन्हा पहिल्यापासून. शब्द संपेपर्यंत पोराचा दम संपे. बेलने ही पुनरुक्ती काढून टाकली. तुकड्याची अक्षरे एकदा म्हणा, तुकडा म्हणा, पुढे चला. मागे वळायचे नाही. वाचतानाही आधी तुकड्या-तुकड्याने, स्पष्ट थांबत, आणि मग सलग. एक तुकड्याचे शब्द पक्के झाल्याखेरीज दोन तुकड्यांचे नाहीत. म्हणजे त्याने अक्षराच्या नावाला शक्य तितके दुय्यम केले आणि उच्चाराच्या तुकड्याला प्रधान स्थान दिले. आपल्याकडे लिपीतले एक अक्षर म्हणजेच बोलण्यातला एक तुकडा. इंग्रजीला तशी लिपी नाही, म्हणून बेलने शब्दच असे फोडले की ते अक्षरांच्या रांगेसारखे वागू लागले. इथे जुन्या इंग्रजी शिक्षणाचा अभ्यासक म्हणेल की बा, बे, बी, बो यांचे तक्ते इंग्लंडच्या हॉर्नबुकांवर, म्हणजे मुलांच्या अक्षरपाट्यांवर, कितीतरी आधीपासून होते. त्यासाठी मद्रास कशाला? बरोबर आहे, तुकड्यांची कल्पना बेलने एग्मोरात शोधली नाही. पण हॉर्नबुकावर तो तक्ता पाठांतरापुरता होता. लिहिणे वेगळे, वाचणे वेगळे, आणि गरिबाच्या पोराला बहुधा लिहिणे शिकवतच नसत. अक्षर काढता काढता म्हणायचे, म्हटलेले लगेच लिहायचे आणि शेजारच्याला लगेच शिकवायचे, हा सांधा वाळूने जोडला, आणि वाळू होती तमिळ गल्लीतली.

खरा वाद पुढे आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टरने लंडनच्या बरो रोडवर तशीच शाळा काढली आणि ही पद्धत पहिली कुणाची यावर दोघांच्या पाठीराख्यांत जुंपली. कवी सदी आणि कोलरिज बेलच्या बाजूने उतरले. १८११ मध्ये चर्चच्या पुढाकाराने नॅशनल सोसायटी निघाली, तिने बेलची पद्धत घेतली आणि ती ‘मद्रास सिस्टिम’ याच नावाने देशभर गेली. दोन गोऱ्यांच्या या भांडणात तिसरा दावेदार कुणी विचारातच घेतला नाही. बेल स्वतः एवढेच कबूल करतो की वाळू मी तिथे पाहिली. मुलाने मुलाला शिकवण्याची युक्ती माझी. हे जसेच्या तसे मानायला मन धजत नाही. तमिळ गावशाळा भरे ती घराच्या तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओसरीवर. तिण्णैला इंग्रजांनी पोर्तुगिजांकडून उचललेला ‘पायल’ हा शब्द लावला आणि तिथल्या शाळेला ‘पायल स्कूल’ म्हटले. पैंजणांशी त्याचा काही संबंध नाही. त्या शाळेत धाकट्यांना सांभाळणाऱ्या, त्यांचा पाठ घेणाऱ्या मोठ्या मुलाला चट्टांपिळ्ळै म्हणत. ज्या कामाला भाषेत स्वतंत्र नाव आहे ते काम बेलच्या येण्याने सुरू झाले असेल हे संभवत नाही. त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, १६२३ मध्ये, पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने इक्केरीच्या वाटेवर देवळाच्या ओवरीत काही पोरे पाहिली होती. ती जमिनीवर वाळू पसरून, एका सुरात आकडे म्हणत, ते लिहीत, मास्तरावाचून एकमेकांकडून गणित शिकत होती. आणि ३ जून १८१४ च्या खलित्यात कंपनीच्या संचालकांनीच बंगाल सरकारला कळवले की हिंदुस्थानात फार पूर्वीपासून चालत आलेली शिकवण्याची रीत बेलच्या मार्फत इंग्लंडने स्वीकारली आहे.

इतके हाती असले की आपल्याकडे लगेच दुसरे टोक गाठले जाते. १९८३ मध्ये धर्मपालांनी ‘द ब्युटिफुल ट्री’ या ग्रंथात मद्रास इलाख्यातल्या देशी शाळांची कागदपत्रे छापली तेव्हापासून इंग्लंडला साक्षर आपणच केले असे सांगणारे वाढले आहेत. धर्मपालांनी पुढे आणलेले आकडे लहान नाहीत. टॉमस मन्रोने १८२२ मध्ये चौकशी मांडली. तिच्यातून १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी निघाले. पण दाव्याला पुराव्याइतकेच वजन द्यावे. संचालकांच्या खलित्यातही कौतुकापेक्षा काटकसरीचा वास जास्त येतो: रीत जुनी आहे, स्वस्त आहे, म्हणजे सरकारला तिजोरी फारशी उघडावी लागणार नाही. तिण्णैवरच्या शाळेत जो तो आपापल्या गतीने पुढे जाई. चट्टांपिळ्ळै हा एक सोयीचा हात होता. सारा वर्ग एका पायरीवर उभा करणे, रोजची नोंदवही ठेवणे, वरचढ ठरेल त्याला वर चढवणे, नाही त्याला खाली ओढणे, ही कवायत तिथे नव्हती. ती लष्करी अनाथालयाच्या अंगणात वाढली आणि तिचे श्रेय, तसेच अपश्रेयही, बेलचे. इंग्लंडच्या कारखानी शहरांत शेकडो पोरे एका दालनात कोंबून शिट्टीवर शिकवली गेली ती या कवायतीच्या जोरावर. त्या यंत्राचा दोष एळुंबूरच्या गल्लीला लावता येत नाही, तसे त्याचे पेटंटही तिला मागता येत नाही.

आता बेलच्या शब्द फोडण्यातली उणीव. ‘मिस-रि-प्रि-झेन-टे-शन’ असे सहा तुकडे केले की शब्द वाचता येतो. पण यातले ‘झेन’ म्हणजे काहीच नव्हे, ‘टे’ म्हणजे काहीच नव्हे. ‘मिस’ म्हणजे चुकीचे, ‘रि’ म्हणजे पुन्हा, ‘प्रेझेंट’ म्हणजे समोर ठेवणे, शेवटचा प्रत्यय क्रियेचे नाम करणारा: शब्दाचे खरे सांधे इथे आहेत, आणि बेलची करवत त्यांच्या भलत्याच बाजूने चालते. ध्वनीसाठी केलेले तुकडे अर्थाच्या तुकड्यांशी जुळत नाहीत. शिवाय ‘लहान शब्द सोपा, लांब शब्द अवघड’ हा त्याचा क्रम इंग्रजीच्या इतिहासालाच उलटा पडतो. इंग्रजीतले एक तुकड्याचे घरगुती शब्द, म्हणजे डोळा, गुडघा, दोन, हसणे यांना लागणारे, जुन्या जर्मानिक साठ्यातले. शतकानुशतके जिभेवर झिजले आणि लेखनात जुनेच राहिले. गुडघ्याच्या शब्दात मुका ‘के’, दोनच्या शब्दात मुका ‘डब्ल्यू’. उलट लॅटिनकडून आलेले लांबलचक शब्द बहुतेक ठरावीक उपसर्ग-प्रत्ययांनी जोडलेले असतात; एकाचा सांधा कळला की पन्नासांचा कळतो. एग्मोरच्या पोरापुढे सर्वांत नाठाळ शब्द सर्वांत आधी आले, आणि शब्द घडतो कसा हे त्याला कुणी सांगितले नाही.

हे सांगणारे त्या शहरात नव्हते असे नाही. एग्मोरच्या शेजारी नुंगंबाक्कमला ज्याच्या इमारतीवरून कॉलेज रोड हे नाव राहिले, ते फोर्ट सेंट जॉर्जचे कॉलेज १८१२ मध्ये कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी निघाले. त्याचा प्राण असलेल्या फ्रान्सिस व्हाइट एलिसने १८१६ मध्ये, कॅम्बेलच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या प्रबंधात, तमिळ, तेलुगू आणि कन्नड यांचे धातू एकमेकांशेजारी मांडून दाखवले की या भाषा संस्कृतातून निघालेल्या नाहीत, त्यांचे कुळ वेगळे आहे. कॉल्डवेलचे गाजलेले व्याकरण यानंतर चाळीस वर्षांनी आले. एलिसला हे साधले ते शास्त्री-पंडितांच्या संगतीने. धातू, प्रत्यय, संधी, समास असा शब्द सोडवण्याची विद्या त्यांच्याकडे होती. म्हणजे एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर आणि वीस-पंचवीस वर्षांच्या अवधीत, शब्द उलगडण्याच्या दोन रीती बहरल्या. साहेबाला शब्दाचे मूळ शिकवले आणि शिपायाच्या पोराला नुसता उच्चार. हा फरक बुद्धीचा नव्हता. एकाला राज्य करायचे होते, दुसऱ्याला कारकुनी किंवा छापखान्यातली खिळेजुळणी.

तंजावरच्या मराठी गादीचे वळण मला म्हणून वेगळे वाटते. सरफोजी भोसले १७९३ मध्ये श्वार्ट्झ पाद्रीच्या आश्रयाने मद्रासला शिकायला होते, बेल एग्मोरात होता त्याच दिवसांत. १७९८ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी राज्यातल्या छत्रांना, म्हणजे धर्मशाळांना, शाळा जोडल्या. ओरत्तनाडूच्या मुक्तांबा छत्रात मराठी, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर इंग्रजीही शिकवली जाई. त्यांच्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत ‘बाळबोध मुक्तावली’ या नावाने छापल्या गेल्या. इंग्रजीतून आलेली गोष्ट पोराने आपल्या भाषेत वाचावी, ही कल्पना एग्मोरच्या अनाथालयाला सुचणे शक्यच नव्हते. तिथे मुलाची भाषा पुसण्यासाठीच इंग्रजी होती.

मुंबई इलाख्यात ही पद्धत पोचली तेव्हा तिच्यावरचा मद्रासचा शिक्का पुसट झाला होता. १८२३ मध्ये मुंबईच्या शाळा-पुस्तक सोसायटीच्या समितीने देशी शिक्षणातल्या उणिवा मोजल्या: पुस्तके नाहीत, पद्धत नाही, लायक शिक्षक नाहीत, पैसा नाही. उपाय म्हणून लँकेस्टरची पद्धत सुचवली. ज्या इलाख्यातल्या पोरांच्या मांडीवर धूळपाटी होती, तिथे ‘पद्धत नाही’ असा शेरा पडला आणि धूळपाटीचाच परदेशी अवतार दवा म्हणून आला. पुढे रा. वि. परुळेकरांनी जुनी दप्तरे धुंडाळून १८२० ते १८३० या दशकातल्या मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची पाहणी १९५१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा त्या शेऱ्याचा पोकळपणा कागदावर आला. पण तोवर आपल्या शाळांत इंग्रजी शब्द पाठ करण्याची बेलची रीत पक्की रुजली होती, स्पेलिंग घोकण्याच्या रूपाने. वाळू गेली, लिहिता-लिहिता म्हणणे गेले, आणि उरले ते डोळे मिटून ‘के-एन-ई-ई, नी’.

बेल १८३२ मध्ये वारला आणि त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरले. एग्मोरचे अनाथालय १८७१ मध्ये निलगिरीत लव्हडेलला हलले. तिथल्या लॉरेन्स स्कूलच्या इतिहासात त्याचे नाव येते. सेंट अँड्र्यूजला बेलच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शाळेचे नाव मद्रास कॉलेज आहे. मद्रासने स्वतः १९९६ मध्ये आपले नाव बदलून चेन्नई केले. स्कॉटलंडमधल्या त्या शाळेच्या पाटीवर अजूनही मद्रासच आहे.